पहिल्यांदाच संगीत नाटक बसवतोयस ना?

नाच बसवण्याआधी प्रत्येकाची पट्टी, म्हणजे गाणं किती उंच सुरात गायचं ते, पक्की कर. बसून सहज लागणारा वरचा सूर नाचून दम लागल्यावर लागत नाही, म्हणून पट्टी एखादा स्वर खालीच धर. उशिरा बदललीस तर वादकांची मेहनत वाया जाते आणि मग ते चिडतात, रास्तच आहे ते. श्वासाच्या जागा संहितेत पेन्सिलीने मांडून घे.

खरी गडबड माइकची. कॉलरवर लावलास तर मान वळली की आवाज पडतो. बारीक माइक कपाळावर केसांच्या कडेला किंवा गालावर, त्वचेला चालणाऱ्या चिकटपट्टीने लाव. घाम शिरला की आवाज दबतो. माइकचा आवाज बिनतारी पाठवणारा कमरेचा डबा, म्हणजे ट्रान्समीटरही, प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत ठेव. सेल दर प्रयोगाला नवे, कालचे ‘अजून चालतील’ म्हणून ठेवू नकोस. दोघं मिठी मारून गात असतील तर एकाचा आवाज दोन्ही माइकांत जाऊन पोकळ येतो. तेवढ्या ओळींना एकच माइक चालू ठेवायचा. ध्वनीवाल्याच्या संहितेत तशी खूण हवी.

रंगीत तालमीआधी एक बैठक फक्त गायक-वादकांची घे. हालचाली, कपडे काही नको. गाण्यांची सुरुवात आणि शेवट तिथेच जुळतात.