बुरशीविष की कवकविष?

प्रश्न असा आलाय: ‘भुईमूग आणि कडधान्यांवरच्या एका आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्पाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. मायकोटॉक्सिनला कवकविष म्हणू, बुरशीविष म्हणू, की मूळ शब्दच ठेवू? आणि लेग्यूम म्हणजे कडधान्यच ना?’

बुरशीविष. डोळे मिटून.

शब्द सोपा आहे, पण कारण तेवढंच नाही. ‘कवक’ हा संस्कृतात अळंबीचा शब्द. मनुस्मृतीत लसूण-कांद्याच्या पंगतीला बसवून जी ‘कवकानि’ अभक्ष्य ठरवली आहेत, ती भूछत्रंच. आज शाळेच्या पुस्तकात ‘कवके’ म्हणजे अख्खी एक सृष्टी: अळंबी तिच्यात, पावातलं यीस्ट तिच्यात, बुरशीही तिच्यात. मायकोटॉक्सिन मात्र बुरशीच्या विषाला म्हणतात. विषारी भूछत्र खाऊन कुणी दगावलं तर त्या विषाला सहसा हे नाव देत नाहीत. गंमत म्हणजे ग्रीक ‘मुकेस’चा अर्थही अळंबी. म्हणजे कवकविष हे मूळ शब्दाचं अगदी इमानी भाषांतर, आणि मुळाइतकंच ढगळ.

फक्त ‘विषाणू’ लिहू नका. हे विष सजीव नाही. म्हणूनच दाणे भाजले की बुरशी मरते, पण तिनं सोडलेलं विष पुरतं जात नाही. ‘बुरशी लागलेला दाणा’ आणि ‘बुरशीविष असलेला दाणा’ हेही एकमेकांच्या जागी घालू नका. वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकतं. आणि ‘खवट’ हे तिसरंच प्रकरण. तेल हवेनं बिघडलं की दाणा खवट होतो. त्याला बुरशी लागतेच असं नाही. मूठभर दाण्यांत एक खवट निघाला की आपण तोंड वाकडं करून थुंकतो, पण बुरशीविषाला अशी चव नसते. पोचट, सुरकुतलेले, काळपट दाणे निवडून टाकायची आपल्याकडची सवय मात्र इथं खरोखर कामाची आहे.

माहितीपत्रकात अफ्लाटॉक्सिन हे भुईमुगातलं बुरशीविष येणारच. ते तसंच ठेवा, पण ‘अफला’ वाचून अफलातूनची आठवण येऊ देऊ नका. अफलातून म्हणजे अरबीतून आलेला प्लेटो. इथं ‘अ’ अ‍ॅस्परजिलसचा, ‘फ्ला’ फ्लेव्हसचा. या बुरशीच्या नावाचे दोन तुकडे जोडून त्याला टॉक्सिन लावलंय. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखावर पिल्लं मेली. रोग कळेना म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ म्हणायला लागले, आणि शोध जाऊन पोचला ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी. (पेंडीला ‘केक’ लिहिणारे अनुवादक मी पाहिलेत. नका लिहू.) पुढं येणारे अफ्लाटॉक्सिनचे प्रकार बी-१, जी-१ यांचं ब-१, ग-१ करू नका: अतिनील प्रकाशात निळं चमकतं ते ‘बी’, ब्लूचं, हिरवं चमकतं ते ‘जी’, ग्रीनचं. दुधात उतरतं ते ‘एम’, मिल्कचं. आणि हे बी-१ म्हणजे जीवनसत्त्व बी-१ नव्हे, हे वाचकाला एकदा सांगून टाकलेलं बरं.

आता लेग्यूम. कडधान्य म्हटलं की मूग, मटकी, वाल, पावटा, चवळी, राजमा सगळे येतात, पण ज्याच्यामुळं हा सारा खटाटोप तो भुईमूगच निसटतो. नावात ‘मूग’ असूनही तो आपल्या लेखी तेलबी, बाजारात गळिताचं धान्य, आणि घरात नुसते ‘दाणे’. ‘द्विदल’ लिहिलंत तर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं सूर्यफूलसुद्धा आत शिरेल. ‘शेंगवर्गीय’ बरा, मात्र शेवग्याला शेंगा असल्या तरी तो या कुळातला नाही. मी सरळ ‘भुईमूग आणि कडधान्यं’ लिहीन, आणि वनस्पतिकुळ सांगायचं असेल तिथंच शेंगवर्गीय.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘आंतरराष्ट्रीय सहकार’ही टाळा, महाराष्ट्रात सहकार म्हटलं की डोळ्यापुढं साखर कारखाना आणि पतपेढी येते. ‘सहकार्य’ म्हणजे एकानं दुसऱ्याला केलेली मदत. हैदराबादजवळ पटणचेरूला १९७२ साली सुरू झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेनं विकसित केलेली अफ्लाटॉक्सिन शोधणारी स्वस्त चाचणी आफ्रिकेतल्या मलावीच्या भुईमुगासाठी वापरली गेली, ते सहकार्य. पण दोन देशांतली माणसं एकाच प्रश्नावर मिळून राबतात, त्याला ‘संयुक्त संशोधन’ म्हणावं.

‘पीपीबी’ला (पार्ट्स पर बिलियन, म्हणजे अब्जात एक भाग) ‘अब्जांश’ बरोबर आहे, पण आकडा डोळ्यांसमोर येत नाही. पुढच्या प्रक्रियेसाठी जाणाऱ्या भुईमुगाला कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, अफ्लाटॉक्सिनची मर्यादा १५ पीपीबी आहे. ‘एका टनात १५ मिलिग्रॅम’ असं लिहा. युरोपात थेट खायच्या दाण्यांना तीच टनाला ४ मिलिग्रॅम.