इंद्रलाल रॉय यांच्या नावावर नऊ विमानं की दहा?

प्रश्न असा आहे की पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढलेले बंगाली लढाऊ वैमानिक इंद्रलाल रॉय यांच्या नावावर शत्रूची पाडलेली विमानं कुठे नऊ दिसतात, कुठे दहा. आणि एकोणीस वर्षांच्या पोरानं दोन आठवड्यांत एवढी विमानं पाडली हे पटत नाही, तर इंग्रजांनी प्रचारासाठी आकडा फुगवला असेल का? पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांविषयी बरीच वर्षं वाचतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकडा दहाच धरा. नऊ येतात ते डीएफसीच्या, म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस या ब्रिटिश शौर्यपदकाच्या मानपत्रातून. हे पदक रॉय यांना मरणोत्तर मिळालं, सप्टेंबर १९१८ मध्ये जाहीर झालं आणि त्यात तेरा दिवसांत नऊ विमानं असा उल्लेख आहे. पुढे नोंदी ताडून जी यादी तयार झाली तिच्यात दहा आहेत: ६ जुलै १९१८ ला एक, ८ तारखेला चार तासांच्या आत तीन, १३ ला दोन, १५ ला दोन, मग १८ आणि १९ ला एकेक.

आता फुगवण्याबद्दल. या दहापैकी पाच विमानं नष्ट झाली म्हणून नोंदली गेली आणि उरलेली पाच ‘ताबा सुटून खाली गेली’ अशा सदरात आहेत. दोन्ही सदरांत एकेक विमान दुसऱ्या वैमानिकाबरोबर वाटून घेतलेलं आहे. ताबा सुटलेलं विमान म्हणजे गिरक्या घेत खाली जाताना दिसलं, पण जमिनीवर आदळताना कुणी पाहिलं नाही. त्यातली काही विमानं खाली जाऊन सावरतही असत. मग इंग्रज ती मोजत का? कारण त्यांचे वैमानिक रोज आघाडी ओलांडून जर्मनांच्या बाजूला जाऊन लढत. पाडलेल्या विमानाचा सांगाडा शत्रूच्या हद्दीत पडायचा, तो जाऊन बघणार कोण? जर्मन वैमानिक बहुतेक स्वतःच्याच हद्दीवर लढत, त्यामुळे त्यांना खाली उतरून खात्री करता येई. म्हणून दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायला जाऊ नये. पण हा नियम सगळ्याच ब्रिटिश वैमानिकांना लागू होता, एका बंगाली मुलासाठी तो सैल केलेला नव्हता. शिवाय रॉय ज्यांच्या तुकडीत उडत होते त्या कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय यांच्या खात्यावर त्याच जुलै महिन्यात १७ विजय आहेत. त्याच आकाशात, त्याच नेत्याच्या मागे उडणाऱ्या हुशार पोराला दहा मिळाले, यात न पटण्यासारखं मला काही दिसत नाही.

माझ्या मते या माणसाची खरी लढाई जुलैच्या आधीची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

रॉय यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ चा, कलकत्त्याचा. वडील बॅरिस्टर, शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. रॉयल फ्लाइंग कोअरनं, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश लष्कराच्या हवाई दलानं, दृष्टी कमी म्हणून आधी नाकारलं. तेव्हा या मुलानं आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांत एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि निर्णय फिरवून घेतला. ५ जुलै १९१७ ला कमिशन, म्हणजे अधिकारीपद मिळालं. हिंदी माणसाला राजाचं कमिशन मिळणं तेव्हा किती दुर्मीळ होतं, हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबरअखेर ते ५६ स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. ही त्या काळातली अत्यंत नावाजलेली तुकडी. तिथे त्यांनी शत्रूचं एकही विमान पाडलं नाही, आणि ६ डिसेंबरला त्यांचं एसई५ए हे एक आसनी लढाऊ विमान कोसळलं. त्यांना मृत समजून शवागारात ठेवलं आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी आतून दार ठोठावलं, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. मला तिच्यापेक्षा पुढचे सहा महिने महत्त्वाचे वाटतात. डॉक्टरांनी उड्डाणाला अपात्र ठरवलं होतं. बरे होत असताना रॉय विमानांची चित्रं काढत बसले, आणि पुन्हा उडू द्या म्हणून पाठपुरावा करत राहिले. जून १९१८ मध्ये ते ४० स्क्वाड्रनमध्ये पोचले. मधल्या काळात हवाई दलाचं नावसुद्धा बदललं होतं, १ एप्रिलपासून रॉयल एअर फोर्स अस्तित्वात आलं होतं. तुम्ही म्हणता ते दोन आठवडे या सगळ्यानंतरचे आहेत.

आणि ते कसे उडत होते तेही पाहा. एसई५एवर दोन बंदुका. एक व्हिकर्स, फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडणारी. दुसरी लुईस, वरच्या पंखावर बसवलेली. लुईसच्या गोल डब्यात ९७ गोळ्या. डबा संपला की वैमानिकानं ती बंदूक वाकड्या रुळावरून स्वतःकडे खाली ओढायची, रिकामा डबा काढायचा, भरलेला बसवायचा आणि बंदूक परत वर ढकलायची. हे सगळं उघड्या जागेत, जाड हातमोजे घालून, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात, आणि तेवढा वेळ विमान वळवायचा दांडा गुडघ्यांत धरून. पॅराशूट नाही.

रॉय यांचा पहिला विजय उत्तर फ्रान्समधल्या द्रोकूरजवळचा, हॅनोव्हर या जर्मन विमानावरचा. ८ जुलैच्या तिघांतही दोन हॅनोव्हरच. या विमानात दोन माणसं असत, मागचा तोफची, म्हणजे बंदूक चालवणारा. साधारण दोन आसनी विमानाला मागून, खालून गाठलं की त्याच्याच शेपटीमुळे मागच्याला नीट नेम धरता येत नसे. हॅनोव्हरची शेपटी मुद्दाम दुमजली आणि आखूड केलेली होती, म्हणजे तोफचीला मोकळं दिसावं. असं विमान पाडायला नुसतं धाडस पुरत नाही, जवळ जाईपर्यंत थांबायची शिस्त लागते. ती त्यांनी मॅकेलरॉय यांच्याकडून उचलली असणार, असं माझं मत आहे.

२२ जुलै १९१८ ला उत्तर फ्रान्समधल्याच कारव्हॅं गावावर जर्मनांच्या फोकर डी-७ लढाऊ विमानांशी झालेल्या चकमकीत रॉय मारले गेले. नऊ दिवसांनी, ३१ तारखेला, मॅकेलरॉय जमिनीवरून झालेल्या गोळीबारात गेले. रॉय यांची एकूण उड्डाणं १७० तासांच्या थोडी वर होती. तिथल्याच एस्तव्हेल गावच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे आणि तिच्यावर बंगाली व फ्रेंच अशा दोन भाषांत मजकूर कोरलेला आहे. डीएफसी मिळवणारे ते पहिले भारतीय. हे पदकच मुळी त्या वर्षीच्या जूनमध्ये सुरू झालं होतं.

आणखी एका सदस्यांनी विचारलं आहे की त्या युद्धात रॉय यांच्याखेरीज आपल्याकडचं कुणी उडत होतं का. होतं. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर २३ स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान चालवत. २७ जून १९१८ ला गस्तीवरून ते परतले नाहीत, आणि जर्मनांच्या ताब्यात असताना ३० जूनला वारले. रॉय यांचा पहिला विजय होण्याच्या सहा दिवस आधी. हरदितसिंग मलिक आणि एरॉल सेन हे आणखी दोघे भारतीय वैमानिक युद्धातून जिवंत परतले. मलिक पुढे कॅनडात भारताचे उच्चायुक्त आणि फ्रान्समध्ये राजदूत झाले. रॉय यांच्या नावानं १९९८ मध्ये टपाल तिकीट निघालं, कोलकात्याच्या भवानीपूरमध्ये रस्ताही आहे. वेलिणकरांचं नाव मात्र मुंबईतसुद्धा फारसं कुणाला माहीत नाही. त्यांच्यावर मराठीत नीट, सविस्तर लेख व्हायला हवा. इथल्या कुणी हातात घेतला तर मी लागेल ती मदत करीन.