वेबसॉकेटच्या बोगद्यातून नेलेले एसएसएच तुटते, यात लाईनचा दोष किती?

आपण विचारले आहे की, कारखान्याच्या प्रॉक्सीतून (बाहेरची जा-ये जिच्यातून होते त्या मधल्या पेटीतून) फक्त ४४३ पोर्ट, म्हणजे सुरक्षित वेबसाइटांची वाट, बाहेर जाते म्हणून एसएसएच (दूरच्या संगणकावर काम करण्याची सुरक्षित जोडणी) वेबसॉकेटमधून, म्हणजे वेबच्या सतत खुल्या राहणाऱ्या जोडणीतून, न्यावे लागते आणि ते सारखे तुटते. तर कोणते साधन घ्यावे, आणि आपल्या खानापूर भागातील लाईनच खराब समजावी का? साधनाचे नंतर पाहू. लाईनविषयी मात्र मला आधी लिहिले पाहिजे, कारण हे वाक्य मी दोन वर्षे ऐकून घेतले आहे.

उद्यमबागेतील एका फौंड्रीत मी संगणकांची देखभाल करीत होतो. मालाच्या नोंदींचा सर्व्हर पुण्याच्या मुख्य कार्यालयात होता आणि आमच्याकडून एसएसएचचे नेहमीचे २२ पोर्ट बंद असल्यामुळे, दोन्हीकडची लेखी परवानगी घेऊन, मी डब्ल्यूएसटनेल हे वेबसॉकेटचा बोगदा करणारे साधन बसवले होते. जोडणी लगेच होई. पण एखादी लांब नोंद वाचण्यासाठी कळफलकावरचा हात उचलला की थोड्याच वेळात पडदा गोठत असे. तक्रार केली की पुण्याहून ठरलेले उत्तर येई : "तुमच्या बेळगावची लाईनच तशी आहे."

एका रात्री भट्टी थंड झाल्यावर मी कळफलकावरची काळ्या वाळूची पूड पुसली, मनगटावरचे घड्याळ काढून समोर ठेवले आणि एक कळ दाबून स्वस्थ बसलो. साठाव्या सेकंदाला जोडणी तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा साठ. अशा दहा वेळा मी वहीत लिहिल्या. मग दर पन्नास सेकंदांनी एक कळ दाबत राहिलो, तेव्हा तीच जोडणी दीड तास टिकली. खराब लाईन पावसात जाते, वीज गेली की जाते, कधीही जाते. घड्याळ पाहून जात नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या त्याच इमारतीत बसणाऱ्या एका मित्राला मी त्याच पत्त्यावर जोडणी करून गप्प बसायला सांगितले. त्याचीही साठाव्या सेकंदालाच तुटली, आणि त्याच्या वाटेत बेळगाव कुठेच नव्हते.

कारण असे की, पुण्याच्या सर्व्हरपुढे एनजिनएक्स, म्हणजे आलेल्या विनंत्या मागच्या सर्व्हरकडे पोचवणारे सॉफ्टवेअर, उभे होते. वेबसॉकेटची सुरुवात साध्या एचटीटीपी विनंतीने होते, सर्व्हर १०१ हे होकाराचे उत्तर देतो आणि तिथून पुढे तीच जोडणी दोन्ही बाजूंनी खुली राहते. पण मागच्या सर्व्हरकडून साठ सेकंद काहीच आले नाही तर एनजिनएक्स, मुद्दाम बदलले नसेल तर, ती बंद करते. त्या सेटिंगचे नाव प्रॉक्सी-रीड-टाइमआउट. ते तासाभराचे करावे, किंवा एसएसएचमध्ये सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ३० ठेवावे, म्हणजे दर तीस सेकंदांनी प्रश्न आणि उत्तर आपोआप जाते-येते. वेबसॉकेटच्या २०११ च्या आरएफसी ६४५५ या प्रमाण-दस्तऐवजातच पिंग आणि पाँग (जोडणी जिवंत आहे का, हे विचारणारा निरोप आणि त्याचे उत्तर) यांची सोय आहे; आपल्या साधनात ती चालू आहे का, एवढे पाहावे.

साधन बदलण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डब्ल्यूएसटनेलऐवजी चिझेल घ्या, वेबसॉकॅट घ्या, पिंगसारखी सोय चालू नसेल आणि मधल्या एनजिनएक्सचे घड्याळ साठावर असेल तर तिन्ही साठलाच तुटतील.

तरीही दोन गोष्टी सांगायला हव्यात. प्रॉक्सी स्वतःचे प्रमाणपत्र घालून टीएलएस, म्हणजे वेबवरच्या मजकुराचे सांकेतिक कुलूप, उघडत असेल, तर तिला आतली अपग्रेडची, म्हणजे वेबसॉकेट सुरू करण्याची, विनंती दिसते, ती विनंती प्रॉक्सी अडवू शकते, आणि मग वरचा कोणताही उपाय चालणार नाही. आणि परवानगी लेखीच असावी; तोंडी होकारावर बोगदा खणला तर पुढे दोष आपल्यावरच येतो, मग जोडणी कितीही उत्तम चालो.

आपणही आधी दहा वेळा मोजा आणि आकडे तारीख-वेळेसह मेलमध्ये लिहून पाठवा. मी पाठवलेल्या त्या दहा ओळींना कधीच उत्तर आले नाही. पण पुढच्या महिन्यात पुण्याचे ते सेटिंग बदलले गेले आणि उद्यमबागेतली जोडणी, त्याच लाईनवरून, सकाळच्या पाळीपासून संध्याकाळपर्यंत टिकू लागली.