सावंतवाडीच्या लग्नाआधी पिंगुळी आणि वेंगुर्ले: दोन दिवसांचा बेत

आपण खारघरहून डिसेंबरात सावंतवाडीला लग्नासाठी निघणार आहात, लग्नाआधी दोन दिवस मोकळे आहेत, बरोबर सासूबाई आणि सात व अकरा वर्षांची दोन मुले आहेत, आणि या दोन दिवसांत समुद्रही पाहावा व पिंगुळीच्या बाहुल्यांचा खेळही पाहावा अशी इच्छा आहे. गाडी न्यावी की रेल्वेने जावे, मालवण धरावे की वेंगुर्ले, आणि मुले खेळाला कंटाळणार तर नाहीत ना, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी ठाण्यात राहतो आणि कुडाळ भागात माझे वरचेवर जाणे होते. त्या भरवशावर हे सविस्तर उत्तर देत आहे.

या बेताची आखणी बाहुल्यांपासून सुरू करावी, समुद्रापासून नव्हे, असे माझे ठाम मत आहे. समुद्र रोजच तिथे असतो. पिंगुळीचा खेळ मात्र मागणीनुसार ठरतो. कलाकारांची जुळवाजुळव करावी लागते, वादक लागतात, आणि डिसेंबर हा लग्नसराईचा व जत्रांचा महिना असल्यामुळे माणसे बाहेरगावी असण्याचा संभव असतो. म्हणून आधी पिंगुळीला दूरध्वनी करून दिवस आणि वेळ पक्की करावी, आपण किती जण येणार, त्यांत मुले किती, हे सांगावे, आणि मगच रेल्वेचे आरक्षण व मुक्काम यांकडे वळावे. पुष्कळ लोक उलट क्रमाने जातात. तारकर्लीची खोली आधी घेतात आणि वाटेत जमल्यास बाहुल्या पाहू म्हणतात. मग दुपारच्या उन्हात संग्रहालयात वीस मिनिटे फिरून, भिंतीवर टांगलेल्या बाहुल्यांची छायाचित्रे काढून ते परततात. त्या बाहुल्या हलताना पाहिल्या नाहीत, तर त्या पाहिल्या असे म्हणता येत नाही.

पिंगुळी हे गाव कुडाळला लागूनच आहे आणि तेथील गुढीपूर भागात ठाकर समाजाच्या कलाकारांची वस्ती आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या तिन्ही कला या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, आणि त्यांना सावंतवाडीच्या सावंत-भोसले घराण्याचा आश्रय होता. परशुराम विश्राम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर करून ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. संग्रहालय लहान आहे, पण तिथे कलाकार स्वतः माहिती सांगतात. खेळाच्या तासभर आधी, उजेड असताना तिथे पोहोचावे, म्हणजे बाहुल्या जवळून पाहता येतात आणि अंधार पडल्यावर पडद्यावर काय उमटते आहे ते मुलांना नेमके कळते.

तिन्ही प्रकार एकाच संध्याकाळी थोडे थोडे दाखवता येतील का, हे अवश्य विचारावे. माझ्या मते मुलांसाठी चित्रकथी, कळसूत्री आणि शेवटी छायाखेळ हा क्रम उत्तम ठरतो.

चित्रकथीत निवेदक बसून चित्रांची पोथी समोर उभी धरतो आणि एकेक चित्र पुढे आणत रामायण-महाभारतातील एखादे आख्यान गाऊन सांगतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडुक हे डमरूसारखे वाद्य असते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे एका पानाच्या दोन्ही बाजू कथेच्या कामी येतात. चित्रांतील माणसांचे मोठे डोळे, एका बाजूने दिसणारे चेहरे, रथ, घोडे, राक्षस हे सारे मुलांना लगेच आपलेसे वाटते. सासूबाईंना कीर्तन ऐकण्याची सवय असेल, तर त्यांना ही कला सर्वांत जवळची वाटेल, कारण येथे चित्राइतकेच निवेदनाला महत्त्व आहे. गाण्याचे शब्द पहिल्या फेरीत मुलांना पुरते कळणार नाहीत. म्हणून कोणते आख्यान होणार आहे ते दूरध्वनीवरच विचारून घ्यावे आणि रेल्वेत जाताना ती गोष्ट मुलांना सांगून ठेवावी. एवढी एक तयारी केली की मुले कंटाळण्याचा प्रश्न बराचसा मिटतो.

कळसूत्री बाहुल्या लाकडाच्या असतात आणि दोऱ्यांनी वरून नाचवल्या जातात. आरंभी गणपती येतो, मग सरस्वती, आणि त्यानंतर आख्यानाला सुरुवात होते. दशावतारी नाटकाची सुरुवात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. येथे एका गोष्टीची कल्पना आधीच द्यायला हवी. अर्धवटराव हा बोलका बाहुला आणि त्याचे हजरजबाबी बोलणे पाहत वाढलेल्या आपल्या पिढीला बाहुली म्हटली की शब्दभ्रमाचा, म्हणजे ओठ न हलवता बाहुलीला बोलते करण्याचा, विनोद आठवतो, आणि तीच अपेक्षा आपण नकळत मुलांकडे सोपवतो. पिंगुळीची बाहुली त्या प्रकारे बोलत नाही. तिच्या वतीने सूत्रधार गातो आणि बोलतो, आणि तिचा सगळा अभिनय मानेच्या झुकण्यात, हातांच्या उचलण्यात आणि पावलांच्या लयीत असतो. युद्धाचा प्रसंग आला की टाळांचा वेग वाढतो आणि त्या लहानशा लाकडी देहांत जो आवेश शिरतो, तो पाहताना मोठी माणसेही पुढे सरकून बसतात.

छायाखेळाला अंधार हवा, म्हणूनच मी संध्याकाळचा आग्रह धरतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, तेव्हा सातला सुरू होणारा खेळ मुलांच्या जेवणा-झोपेच्या वेळेशीही जुळतो. चामडे तासून पातळ केलेले असल्यामुळे त्यातून प्रकाश आरपार जातो आणि रंग पडद्यावर उजळतात. दागिन्यांच्या व वस्त्रांच्या जागी पाडलेली भोके प्रकाशाच्या ठिपक्यांसारखी दिसतात. आंध्रातील तोलुबोम्मलाट या चामडी छायाखेळाच्या भव्य बाहुल्यांच्या मानाने या आकृती लहान असतात, त्यामुळे फार मागे बसून उपयोग नाही. पडद्याच्या अगदी समोर, मधोमध बसावे. कडेला बसले की आकृती मंद दिसतात. भ्रमणध्वनीचा फ्लॅश किंवा टॉर्च एकदाही लावू नये, कारण समोरून पडलेला प्रकाश सावलीचा रंग क्षणात पुसून टाकतो, आणि पडद्यामागच्या माणसाचे लक्षही विचलित होते. खेळ संपल्यावर परवानगी घेऊन मुलांना पडद्यामागे न्यावे. दिवा कुठे आहे, बाहुली पडद्याला टेकवली तर आकृती रेखीव का होते आणि मागे, दिव्याकडे नेली तर ती मोठी व धूसर का होते, हे अकरा वर्षांचे मूल स्वतः शोधून काढते. शाळेत प्रकाश आणि छाया शिकताना न उलगडलेली गोष्ट तेथे हाताला लागते.

मानधनाविषयी स्पष्ट लिहितो. एका कुटुंबासाठी खेळ लावायचा तरी सूत्रधार, वादक, गायक अशी सगळी मंडळी लागतात. म्हणून सांगितलेल्या रकमेत घासाघीस करू नये. रक्कम एका कुटुंबाला जड वाटत असेल, तर लग्नाला जाणारे आणखी दोन-तीन नातेवाईक बरोबर घ्यावेत. प्रेक्षक वाढले की कलाकारांनाही हुरूप येतो. पूर्वी ठरावीक गावांतील देवळांत या कला सादर होत आणि गावाकडून कलाकाराला धान्य व बिदागी मिळे. ती व्यवस्था क्षीण झाल्यावर आपल्यासारखे बाहेरून येणारे प्रेक्षकच या कलेचा मोठा आधार उरले आहेत, ही जाणीव मनात असावी.

आपण नवी मुंबईकर असल्यामुळे येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाशीचे नाट्यगृह ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत मराठी नाटकाचा प्रयोग केला, हे सर्वांना ठाऊक असते. पण ते स्वतः लाकडी कळसूत्री बाहुल्या घडवणारे कारागीर होते, हे फारसे कुणी सांगत नाही. त्यांच्या जुन्या बाहुल्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणण्याचे काम शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी केले. मराठी रंगभूमीच्या उगमापाशीच बाहुल्या आहेत, हे मुलांना वाशीच्या नाट्यगृहासमोरून जाताना आधीच सांगितले, तर पिंगुळी त्यांना परकी वाटणार नाही.

आता प्रवास. सासूबाई बरोबर असताना आणि लग्न समोर असताना साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता स्वतः गाडी चालवून कापू नये, असेच मी सुचवीन. कोकणकन्या रात्री निघते आणि सकाळी कुडाळला पोहोचवते. ती आपल्याला पनवेलला मिळेल, ठाण्याच्या नातेवाइकांना ठाण्यातून चढता येईल. तुतारीही रात्रीची आहे आणि कुडाळवरून पुढे सावंतवाडीपर्यंतच जाते. मांडवी दिवसाची आहे. घाट, बोगदे आणि नद्या पाहायच्या असतील तर ती उत्तम, पण तिने आपला एक दिवस जातो. आरक्षण सध्या साठ दिवस आधी उघडते आणि कोकणच्या गाड्या फार लवकर भरतात, म्हणून तारीख ठरताच त्याच सकाळी प्रयत्न करावा. कुडाळला उतरल्यावर दोन दिवसांसाठी स्थानिक गाडी ठरवली की पुढचे सगळे सोपे होते.

किनारा मात्र एकच निवडावा. मालवण सोडा, असे मी सांगतो तेव्हा पुष्कळांना वाईट वाटते. 1664 साली ज्याची पायाभरणी झाली, तो सिंधुदुर्ग किल्ला होडीने जाऊन, तटावरून चालून, राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरात दर्शन घेऊन पाहायचा असेल, तर अर्धा दिवस सहज जातो. त्यात तारकर्ली, देवबाग आणि जलक्रीडा जोडल्या की संध्याकाळी पिंगुळीला पोहोचेपर्यंत मुले पेंगलेली असतात. मालवणला स्वतंत्र सहल द्यावी. आपला मार्ग पुढे सावंतवाडीकडे आहे, आणि कुडाळहून वेंगुर्ल्याकडे जाताना पिंगुळी वाटेतच लागते, म्हणून वेंगुर्ले हीच योग्य निवड आहे.

पहिल्या दिवशी कुडाळला आंघोळ-न्याहारी उरकून वालावलला जावे. लक्ष्मीनारायणाचे देऊळ, त्याला लागून असलेला तलाव आणि भोवतीची गर्द झाडी हे सासूबाईंना फार आवडेल, आणि चालणेही थोडेच आहे. दुपारी सर्वांनी झोप घ्यावी. रात्रीच्या रेल्वेप्रवासानंतर ती टाळू नये. संध्याकाळ पिंगुळीची. गावातील राऊळ महाराजांच्या मठात आधी जाऊन यायचे असेल, तर तेही त्याच फेरीत जमते. मुक्काम पुन्हा कुडाळलाच ठेवावा, कारण खेळानंतर मुलांना घेऊन रात्री वेंगुर्ल्याचा रस्ता धरण्यात काही लाभ नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे लवकर निघून वेंगुर्ले गाठावे. किनाऱ्यावरची वेळ ठरवताना भरती-ओहोटीचा विचार करावा, आणि त्यासाठी कोकणातला जुना हिशेब अजूनही उपयोगी पडतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास, आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चालावे. या हिशेबाने द्वितीया-तृतीयेच्या आसपासची सकाळ सर्वांत चांगली, कारण आठच्या सुमारास पाणी ओसरलेले असते आणि सागरेश्वरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, चालायला, किल्ले करायला, शिंपले वेचायला मोकळी मिळते. आपली तारीख लग्नाने ठरलेली असल्यामुळे तिथी निवडता येणार नाही. पण अष्टमी असेल तर सकाळी पाणी वर असणार हे ओळखून आधी बंदरावर जावे आणि किनारा नंतर घ्यावा. पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊ नये. पाणी शांत दिसले तरी तळाचा उतार सगळीकडे सारखा नसतो, आणि प्रत्येक किनाऱ्यावर जीवरक्षक असतोच असे नाही.

बंदराजवळ दीपगृह आहे, मासळीची उलाढाल सकाळी पाहण्यासारखी असते, आणि नशीब चांगले असेल तर कुठेतरी रापण ओढली जाताना दिसेल. तसे झाले तर बाकी सर्व सोडून तिथेच थांबावे. दोन बाजूंना दोर धरून माणसांची रांग जाळे किनाऱ्याकडे ओढत आणते, त्याला बराच वेळ लागतो, आणि जाळे जवळ येऊ लागले की सगळ्यांचा सूर बदलतो. शहरात सतराव्या शतकातील डच वखारीचे अवशेष आहेत. इतिहासाची आवड असेल तरच तिकडे वळावे, एरवी लहान मुलांना त्यात फारसे काही सापडत नाही. दुपारचे जेवण वेंगुर्ल्यातच घ्यावे.

तेथून सावंतवाडी तासाभराच्या रस्त्यावर आहे. दुपार मोकळी राहिल्यास राजवाड्यात गंजिफाचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचे, काम पाहावे. दशावतारी गंजिफात दहा रंग आणि प्रत्येकी बारा पाने, अशी एकशे वीस पाने असतात. आदल्या संध्याकाळी पिंगुळीत राम आणि कृष्ण पाहिलेली मुले तेच देव आता गोल पत्त्यांवर ओळखू लागतात. खरेदी करायची असेल तर पिंगुळीचे चित्र पिंगुळीतच, कलाकाराकडूनच घ्यावे, आणि नळीत गुंडाळून देण्याची विनंती करावी, कारण लग्नाच्या सामानात सपाट चित्र हमखास दुमडते. चामड्याची बाहुली घेतल्यास ती ओलाव्यापासून जपावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते, म्हणून काचेत बंद न करता हवेशीर भिंतीवर, थेट ऊन न लागेल अशी लावावी. पिंगुळीला दूरध्वनी केल्यावर त्यांनी कोणता दिवस दिला ते येथे कळवावे. खेळ दुसऱ्या संध्याकाळी ठरला, तर वेंगुर्ले आधी आणि वालावल नंतर असा क्रम लावून मी वेळांचा हिशेब पुन्हा मांडून देईन.