१३ वर्षांच्या मुलीच्या पॅनवर परस्पर कर्ज काढलंय. आता काय करावं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलीच्या नावे म्युच्युअल फंडासाठी पॅन काढलं होतं, आणि आता एका कर्ज ॲपचा वसुलीवाला फोनवर सांगतोय की त्या पॅनवर ४०,००० रुपये थकलेत. धाकट्याचं, म्हणजे ६ वर्षांच्या मुलाचं काय सांभाळायचं, हेही तुम्ही विचारलंय.

कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात मी काम केलंय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हे कसं दिसतं ते सांगू शकतो.

सगळ्यात आधी: एक रुपयाही भरू नका. "थोडे भरा, प्रकरण मिटवून टाकू" असं तो म्हणेलच. पैसे भरलेत की कर्ज तुमच्या मुलीचंच होतं असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं, आणि क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, ते खातं 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं) म्हणून राहतं ते वेगळंच. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे १८ वर्षांखालची व्यक्ती करार करूच शकत नाही. घर गहाण ठेवून कर्ज घेतलेल्या एका अल्पवयीन मुलाच्या कलकत्त्याच्या खटल्यात, मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, ब्रिटिश काळात शेवटचं अपील ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. तिथे तर मुलाने स्वतः सही केली होती. तुमच्या मुलीला पत्ताही नाही.

दुसरं, हा फोन तरी खरा आहे का? वसुलीच्या नावाखाली कागद उकळणारेही पुष्कळ आहेत. त्याला 'खातरजमेसाठी' आधार, पॅन, फोटो काहीही पाठवू नका. कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव आणि कर्ज खाते क्रमांक तेवढा विचारा. ते ॲप रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या कर्ज ॲपच्या यादीत आहे का पाहा आणि पुढचा सगळा व्यवहार त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याशी, लेखी करा. आणि हो, सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आला तर वेळ टिपून ठेवा, तक्रारीत उपयोगी पडते.

आता पत्र. आमच्याकडे पानंपानं भरून अन्यायाची कहाणी येई आणि तशीच पडून राही. जागची हलायची ती तारखा असलेली पत्रं. असं लिहा: "कर्ज मंजूर झाल्याच्या तारखेला माझी मुलगी अल्पवयीन होती, जन्मदाखल्याची प्रत जोडली आहे. हे कर्ज तिने किंवा आम्ही घेतलेलं नाही. मंजुरीच्या वेळी घेतलेली केवायसीची कागदपत्रं, अर्जदाराचा फोटो, नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि रक्कम ज्या बँक खात्यात गेली त्याचा तपशील द्यावा." बस. खोच फोटोत आहे: अल्पवयीन मुलांच्या पॅन कार्डावर त्यांचा फोटो आणि सही नसते. मग फाइलमध्ये चेहरा कोणाचा? शिवाय पॅन तपासताना जन्मतारीख जुळवायची असते. म्हणजे एक तर ती जुळवलीच नाही, किंवा जुळवूनही १३ वर्षांच्या मुलीला कर्ज दिलं. दोन्हीकडून संस्थाच अडकते. ईमेल करा, स्पीड पोस्टानेही पाठवा, पोच जपून ठेवा. शेवटी ते 'नो ड्यूज' देऊ करतील. ते नको. देणं होतं आणि फिटलं, असा त्याचा अर्थ निघतो. हे कर्ज या मुलीचं नव्हतंच, असं पत्र मागा.

त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा. १९३० ही हेल्पलाइन मुख्यतः नुकतेच गेलेले पैसे अडवण्यासाठी आहे. "तुमचे तर पैसे गेलेच नाहीत" असं ऐकावं लागलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी सांगा: दुसऱ्याची ओळख वापरणं हाच गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड.

क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. एकीकडे दुरुस्ती झाली म्हणून बाकी तिघींकडे झाली असं धरून चालू नका, चौघींना कळवा. तक्रार ३० दिवसांत मार्गी लागली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. संस्थेनेच ३० दिवस उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फुकट आहे.

यानंतर मुलीच्या पॅनचं वार्षिक माहितीपत्रक (एआयएस), म्हणजे त्या पॅनवर नोंदलेल्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची यादी, आयकर पोर्टलवर पाहून घ्या. भलत्याच कंपनीचा पगार तिथे दिसला तर प्रकरण एका कर्जापुरतं नाही.

अवघड भाग पुढेच आहे. मुलांचे कागद बहुतेक वेळा घरात ये-जा असणाऱ्याच्या किंवा एजंटाच्या हातून जातात. पैसे गेलेल्या खात्यावर ओळखीचं नाव निघालं तर घरातले "आपसांत मिटवू" म्हणतील. मिटवा खुशाल, पण पोलीस तक्रार मागे न घेता. तक्रारीशिवाय संस्था कर्ज खोडायला सहसा तयार होत नाही, आणि मुलीचं शैक्षणिक कर्ज चारपाच वर्षांवर आलंय.

धाकट्याचं सोपं आहे. आधारचं पाच वर्षांनंतरचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं) अपडेट राहिलं असेल तर करून घ्या आणि मग ते लॉक करा. त्याच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा: सोडून दिलेला नंबर दुसऱ्याला मिळतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क केलेली द्या, त्यावर कारण आणि तारीख लिहा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी आधारचे फोटो मागवले तर शाळेत जाऊन प्रत देतो म्हणा. आधार नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. आणि पॅन? गुंतवणूक त्याच्या नावे करायचीच नसेल तर एवढ्यात काढूच नका.