सातबाऱ्यावर पीक दिसू दे

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

2021 साली इतर 22 गावांबरोबर मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं, आणि आता तुमच्या रानातल्या घर-गोठ्याचं मिळकतकराचं बिल बघून घरचे विकायच्या गोष्टी करू लागलेत. घाई करू नका.

आधी आकारणीचा तपशील काढ. कशाचं क्षेत्रफळ किती आणि वापर कोणता धरलाय, ते ताडून बघ. घोळ बहुधा तिथेच असतो. गोठा किंवा कांदाचाळ गोदाम म्हणून धरली की बिगरनिवासी दर लागतो. शेडचा कोपरा गॅरेजला भाड्याने दिलास, तर मात्र त्या दराला तुझ्याकडे उत्तर नाही. परवानगीशिवाय बांधलेल्या खोल्यांवर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, बसू शकतो; मग बिल तिपटीपर्यंत जातं. स्वतः राहता त्या घराला 40 टक्के सवलत आहे, पण पीटी-3 अर्ज भरल्याशिवाय ती मिळत नाही.

हरकत लेखी दे, फोटो जोड, पोच घे. भरणा मात्र थांबवू नकोस. थकबाकीवर दरमहा 2 टक्के चढतात. मान्य असलेली रक्कम हरकत राखून भर.

आता खरं काम. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवणं, एकही हंगाम चुकवू नकोस. फोटो गटाच्या आत उभं राहूनच काढ. नोंद चुकली तर 48 तासांत स्वतः दुरुस्त करता येते, नंतर तलाठ्याकडे खेटे. विहीर, बोअर, बांधावरची आंब्याची झाडंही नोंदव. पडीक रान करासाठी मोकळी जागा म्हणून धरलं जाण्याचा धोका असतो. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ज्या गावात आहे, तिथल्या बागायतीला कुणी मोकळी जागा म्हणावं हे मला सहन होत नाही. उद्या रस्त्यासाठी भूसंपादन झालं, तर 2013 च्या कायद्याने झाडं आणि विहिरीचं मूल्य जमिनीच्या किमतीत मिळवतात आणि त्या सगळ्यावर 100 टक्के दिलासा रक्कम देतात. नोंद नसेल तर झाड होतं हे तू कशाने सिद्ध करणार?

विकलीच, तर शहर हद्दीतल्या शेतजमिनीच्या नफ्यावर आयकर लागतो. 2 वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर सूट आहे, मात्र विकलेली जमीन विक्रीआधीची 2 वर्षं कसलेली असावी लागते. इथेही पीकनोंदच कामी येते.

झोन दाखला (विकास आराखड्यात जमीन कशासाठी दाखवलीय त्याचा कागद) काढून जमिनीवर सार्वजनिक कामासाठी आरक्षण आहे का बघ. अंतिम विकास आराखडा लागू होऊन 10 वर्षांत जागा घेतली नसेल, तर नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली खरेदीची नोटीस देता येते. पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उठतं.

आणि एजंटाने विसार (आगाऊ रक्कम) पुढे केला, तरी कुलमुखत्यारपत्रावर सही करू नका. त्या कागदाने व्यवहाराची सूत्रं त्याच्या हातात जातात.

सातबारा अजून आजोबांच्या नावावर असेल, तर वारसनोंद याच महिन्यात कर. भेटायला येताना आठ-अ (जमीन खात्याचा उतारा), चालू सातबारा आणि बिल घेऊन ये.

तुझा हितचिंतक