कॉम्प्युटर स्लो झाला म्हणजे आत कुणी शिरलंय का?

"कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी बसलंय. माझं सगळं बघतंय. चालू करायला हात धजत नाही."

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत ताई इथूनच बोलायला लागल्या. वय ४६, तालुक्याच्या गावात घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचा व्यवसाय. लग्नपत्रिका, प्रबंधांचं टायपिंग, अर्ज, अहवाल. (त्यांच्या परवानगीनं लिहीत आहोत, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बारा दिवस मशीन बंद होतं. ऐन लग्नसराईत आलेलं काम परत गेलं होतं. रात्री तीनला जाग यायची, ती उजाडेपर्यंत.

सगळं सुरू झालं एका ईमेलनं. तुमच्या कॅमेऱ्यातून तुमचं नको ते चित्रीकरण केलंय, ४८ तासांत बिटकॉइन भरा, नाहीतर ओळखीच्या सगळ्यांना पाठवू, असा इंग्रजी मजकूर. विषयाच्या ओळीत ताईंचा खराखुरा पासवर्ड आणि पाठवणाऱ्याच्या जागी त्यांचाच पत्ता. घरात त्यांनी चकार शब्द काढला नाही. "असलं काही आलंय म्हणून कुणाला काय सांगू?"

पैसे भरले नाहीत, हे त्यांनी फार चांगलं केलं. पण त्याच रात्री दोन फुकटचे अँटिव्हायरस टाकले आणि दिवसातून चार-पाचदा पूर्ण स्कॅन लावायला लागल्या. मशीन आणखी मंदावलं. मंदावलं म्हणजे आत नक्की कुणीतरी आहे, अशी त्यांची खात्री पटली. मग पुन्हा स्कॅन. असं चक्र आमच्याकडे वरचेवर दिसतं. तपासलं की दहा मिनिटं बरं वाटतं, आणि त्या दहा मिनिटांसाठी माणूस पुन्हा तपासत राहतो.

पहिल्या भेटीत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही असं ठरलं. कागदावर दोन रकाने केले, 'दिसलं काय' आणि 'वाटलं काय'. पहिल्यात ताईंनी लिहिलं: ईमेल आला, पासवर्ड बरोबर आहे, मशीन चालू व्हायला आठ-नऊ मिनिटं लागतात, फोल्डर उघडताना गोल फिरत राहतं. दुसऱ्यात: कुणी बघतंय. मग म्हणाल्या, मॉनिटरच्या वरच्या कडेला कापडी चिकटपट्टी लावून ठेवलीय. कॅमेरा नेमका कुठे आहे, असं विचारल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. तो डेस्कटॉप होता. त्याला वेबकॅम कधी जोडलेलाच नव्हता. चिकटपट्टी साध्या प्लास्टिकवर होती.

यात ताईंचा भोळेपणा नाही. भीती बसली की हात आधी चालतात, नजर मागून येते. मात्र तेवढ्या एका शोधानं ईमेलमधलं मुख्य वाक्यच खोटं ठरलं आणि पुढचं ऐकायला त्या मोकळ्या झाल्या.

मग पासवर्ड कुठून मिळाला? असे ईमेल एकाच मजकुराचे ढिगानं सोडले जातात. एखाद्या संकेतस्थळाचा साठा कधीतरी फुटतो आणि त्यातले पत्ते व पासवर्ड वर्षानुवर्षं हातोहात फिरतात. लिंक्डइनचा २०१२ साली फुटलेला साठा २०१६ मध्ये विक्रीला आला होता. ताईंचा तो पासवर्डही जुनाच होता, पूर्वी एका खरेदीच्या साइटवर वापरलेला. आपला पत्ता अशा साठ्यांत आहे का, हे 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे पाकिटामागे लिहिलेलं नाव. तिथे कुणीही काहीही लिहू शकतो. जीमेलमध्ये तीन टिंबांवर दाबून 'शो ओरिजिनल' उघडलं की पत्र खरंच त्या पत्त्यावरून आलंय का हे पाहणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्यांचे निकाल दिसतात. ताईंच्या ईमेलसमोर 'फेल' होतं. म्हणजे तो त्यांच्या खात्यातून निघालाच नव्हता.

अशा ईमेलला उत्तर देऊ नये, पैसे तर नाहीच. तो स्पॅममध्ये टाकावा. तोच पासवर्ड अजून जिथे जिथे असेल तिथे बदलावा, सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच नवे करता येतात. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं, चालू करावी. गुगल खात्याच्या 'सिक्युरिटी'मध्ये जाऊन अनोळखी उपकरण जोडलेलं नाही ना, आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये आपली पत्रं परस्पर दुसरीकडे जात नाहीत ना, तेही बघावं. पासवर्ड लक्षात राहत नसतील तर वहीत लिहून कपाटात ठेवा. घरातल्या कपाटापेक्षा एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरणं कितीतरी धोक्याचं आहे.

खरंच कुणी व्हिडिओ कॉलवर चित्रीकरण केलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही पैसे भरायचे नाहीत, पण काही पुसायचंही नाही. स्क्रीनशॉट ठेवून सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार करायची. पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन.

दुसऱ्या भेटीला ताईंच्या संमतीनं एक जाणकार तंत्रज्ञ बसले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "क्रॅक केलेलं काय काय आहे?" ताईंची मान खाली गेली. पानमांडणीचं सॉफ्टवेअर विकत न घेता, त्याचं कुलूप तोडणारा पॅच मारून चालवलेलं होतं आणि पॅच टाकताना अँटिव्हायरस बंद करायची सूचना त्यांनी पाळली होती. दुकानात मशीन दोनदा नेलं, पण लाजेपोटी हे सांगितलंच नव्हतं. दुरुस्ती अडली होती ती इथे. डॉक्टरपासून पथ्य मोडलेलं लपवावं तसं हे होतं. तुमच्याकडेही असं काही असेल तर तंत्रज्ञाला आधी तेच सांगा.

मग मशीन उघडलं. मशीनवर कशाचा किती भार आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये, काही न करताही डिस्क १०० टक्के. जुनी फिरती हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम, आणि एकाच फाइलवर एकाच वेळी झडप घालणारे दोन अँटिव्हायरस. डिस्क तपासणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवल्यावर डिस्कची तब्येत पिवळ्या रंगात आली, 'कॉशन', म्हणजे सावधान. वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, साचत चालले होते. मंदपणाचं मोठं कारण हे होतं. आणि याच मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ताई रोज चार-पाचदा पूर्ण स्कॅन लावत होत्या, म्हणजे ती सगळी पुन्हा पुन्हा वाचायला लावत होत्या. कामाची दुसरी प्रत कुठेही नव्हती. इतक्या वर्षांच्या पत्रिकांचे नमुने, लोकांचे प्रबंध, सगळं त्या एका डिस्कवर. भीती खरी होती, फक्त चुकीच्या जागी बसली होती.

म्हणून क्रम असा ठेवला. सगळ्यात आधी इंटरनेट काढून कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर. फक्त कागदपत्रं, चित्रं आणि फॉन्ट. एकही प्रोग्राम नाही. आधी स्कॅन करत बसलं असतं तर डिस्क मध्येच बसली असती. मग जुनी डिस्क काढून ५०० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन केली नाही, कारण पॅचसोबत जे काही आलं असेल ते नव्या डिस्कवरही आलं असतं. विंडोज कोरं टाकलं. मशीनसोबतचं लायसन्स अस्सल असल्यानं ते आपोआप चालू झालं. रॅम ८ जीबी केली. पंख्यात आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत (हीटसिंकमध्ये) बोटभर धुळीची गादी होती. पंखा बोटानं धरून मऊ ब्रशनं ती काढली. पंखा मोकळा सोडून जोराची हवा मारली तर तो भलत्या वेगानं फिरून बिघडू शकतो. मशीन आता अर्ध्या मिनिटात चालू होतं.

अँटिव्हायरस एकच, विंडोजसोबत येणारा डिफेंडर. संशय फारच असेल तर विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', मग 'स्कॅन ऑप्शन्स', तिथे डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. मशीन बंद होऊन चालू होतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधी सुमारे पंधरा मिनिटं तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलंही सापडण्याची शक्यता वाढते. रोजच्या कामासाठी ॲडमिन नसलेलं, म्हणजे मशीनमध्ये मोठे बदल करण्याचे अधिकार नसलेलं, वेगळं खातं काढलं.

डीटीपीवाल्यांचा खरा दरवाजा पेन ड्राइव्हचा. गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरऐवजी कोपऱ्यात बाण असलेली, एक-दोन केबीची चित्रं दिसली तर त्यावर डबल क्लिक करू नका. तो शॉर्टकट व्हायरस असतो. क्लिक केलं की तो तुमच्याकडे येतो. खरे फोल्डर बहुतेक वेळा तिथेच लपवलेले असतात. 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा आणि फोल्डर ऑप्शन्समधली सिस्टिम फाइली लपवण्याची खूण काढा, की ते दिसतात. ड्राइव्ह जोडताच आपोआप उघडणारं ऑटोप्ले बंद ठेवा. फाइलींची एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी प्रकार सांगणारी अक्षरं, दिसू द्या, म्हणजे 'पत्रिका' नावाच्या फाइलीमागचं, ती प्रोग्राम असल्याचं सांगणारं डॉट ईएक्सई नजरेतून सुटणार नाही.

एक अडचण अजून उभी आहे. मशीन सातव्या पिढीच्या आय थ्रीचं, त्याला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केल्यावर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, अशा हिशेबानं नोंदणी केली. पुढे हे मशीन इंटरनेटशिवाय फक्त मांडणीला ठेवायचं आणि ईमेल मोबाइलवर बघायचा, असं ताईंनी ठरवलंय.

स्कॅनची सवय सुटायला मात्र मशीन सुधारल्यावरही तीन आठवडे गेले. पूर्ण स्कॅन फक्त शुक्रवारी संध्याकाळी, एकदा. मधे हात शिवशिवला तर स्कॅन न लावता वहीत वेळ आणि 'दिसलं काय' एवढंच लिहायचं. पहिल्या आठवड्यात अशा एकोणीस नोंदी होत्या. 'दिसलं'च्या रकान्यात बहुतेक ठिकाणी फक्त रेघ होती. तिसऱ्या आठवड्यात नोंदी चारवर आल्या.

शुक्रवारी स्कॅन चालू असताना आता बॅकअप तपासला जातो. प्रती तीन: एक मशीनमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी शेजारच्या गावात भावाकडे. प्रत झाली की डिस्क लगेच काढायची, कारण फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. आणि त्या डिस्कवरची कुठलीही एक फाइल उघडून बघायची. गेल्या खेपेला ताईंनी उघडली ती एका जुन्या लग्नपत्रिकेची होती. ती नीट उघडली, फक्त फॉन्ट हरवला होता. फॉन्टचं फोल्डर प्रतीत घ्यायचं राहिलंय, हे त्यांनी स्वतःच वहीत लिहून ठेवलं.